स्वतःच्या डोमेनवरचा मेल स्पॅममध्ये जातोय? आधी तो जातो कसा ते बघा

डोमेन घेतलं, वेबसाइट झाली, 'इन्फो ॲट आपलं-नाव डॉट कॉम' असा झकास पत्ता काढून व्हिजिटिंग कार्डावर छापलापण, आणि गिऱ्हाईक म्हणतंय तुमचं कोटेशन आलंच नाही. शोधल्यावर कळतं की आलं होतं, स्पॅममध्ये पडलं होतं. आंब्याच्या पेट्या विकणारा असो, होमस्टेवाला असो, सीएचं ऑफिस असो नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी, रड सगळ्यांची सेम. मग सल्ले सुरू होतात: मजकुरात 'फ्री' लिहू नका, सब्जेक्ट बदला, लोगो काढून टाका. बहुतेक वेळा मजकुराचा काही संबंध नसतो. मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे समोरच्या सर्व्हरला पटत नसतं, बास. ते का पटत नाही हे कळायला मेलचा प्रवास एकदा मुळापासून बघावा लागतो, त्याशिवाय डीएनएसमध्ये (म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचे सर्व्हर कुठे ते सांगणाऱ्या इंटरनेटच्या डिरेक्टरीत) नुसत्या कॉपी-पेस्ट केलेल्या ओळी कधी चालतात कधी नाही आणि दोन्ही वेळा कारण कळत नाही.

तर सेंड दाबल्यावर काय होतं. तुमचा फोन किंवा आउटलुक किंवा थंडरबर्ड थेट गिऱ्हाइकाच्या जीमेलपर्यंत जात नाही. तो आधी तुमच्याच मेल सर्व्हरकडे जातो, पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर, युजरनेम-पासवर्ड देतो आणि मेल त्याच्या हवाली करतो. तुमचं काम इथे संपलं. आता तुमचा सर्व्हर पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग घेतो आणि डीएनएसला विचारतो, या डोमेनचे मेल कोण घेतं? उत्तरात येतात ते एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरची नावं आणि प्रत्येकाबरोबर एक आकडा, ज्याचा आकडा लहान त्याच्याकडे आधी जायचं, तो उचलत नसेल तर पुढच्याकडे. मग त्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर कनेक्शन लागतं आणि दोन सर्व्हर एकमेकांशी बोलायला लागतात, आणि ते बोलणं इतकं साधं आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. खाली ते देवनागरीत लिहिलंय, खऱ्या तारेवर अर्थात इंग्रजी अक्षरं असतात:

समोरचा: २२० तयार आहे
आपला: एहलो मेल.आंबेवाले.एक्झाम्पल
समोरचा: २५०
आपला: मेल फ्रॉम:<इन्फो@आंबेवाले.एक्झाम्पल>
समोरचा: २५० ओके
आपला: आरसीपीटी टू:<गिऱ्हाईक@समोरचं.एक्झाम्पल>
समोरचा: २५० ओके
आपला: डेटा
समोरचा: ३५४ बोला, संपलं की एका ओळीत फक्त टिंब द्या
आपला: (इथे अख्खा मेल, फ्रॉम-टू-सब्जेक्टसकट, आणि शेवटी एकटं टिंब)
समोरचा: २५० घेतला
आपला: क्विट
समोरचा: २२१

हा एसएमटीपी, सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायची ठरलेली पद्धत. जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर घातलेले कागद) म्हणून तो लिहून काढला आणि नंतर २००१ आणि २००८ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या तरी वरचं संभाषण जवळपास तसंच आहे. (पोर्ट २५ वर हे स्वतः हाताने टाइप करून बघायची हौस असेल तर घरच्या इंटरनेटवर जमेलच असं नाही, बरेच इंटरनेट देणारे आणि क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात, स्पॅमवाल्यांमुळे.)

आता वरचं संभाषण परत वाचा आणि सांगा, 'मी इन्फो@आंबेवाले आहे' असं म्हटल्यावर समोरच्याने पुरावा कुठे मागितला? कुठेच नाही. पासवर्ड तुम्ही दिला तो तुमच्या स्वतःच्या सर्व्हरला, आणि त्या सर्व्हरने पुढच्याला नुसतं तोंडी सांगितलं. हे निष्काळजीपणामुळे झालं असं नाही. १९८२ साली आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, काहीशेच मशीन होती, युनिव्हर्सिट्या, संशोधन संस्था आणि अमेरिकन सरकारी खाती, मशीन कुणाचं ते माहीत असायचं. तरी गंमत बघा, त्याच्या चार वर्षं आधीच, ३ मे १९७८ ला, डीईसी कंपनीच्या गॅरी थुएर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने त्याच आर्पानेटवर साधारण ४०० लोकांना नव्या कॉम्प्युटरच्या डेमोचं आमंत्रण एकगठ्ठा पाठवून झालं होतं. लोक भडकले, पण प्रोटोकॉल लिहिताना पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोय काही कुणी घातली नाही. त्यानंतर आलेलं सगळं, एसपीएफ, डीकिम, डीमार्क, हे त्या एका रिकाम्या जागेवर लावलेली ठिगळं आहेत. म्हणूनच ती तीन आहेत आणि म्हणूनच ती एकमेकांशी नीट जुळवावी लागतात.

अजून एक गोष्ट वरच्या संभाषणात आहे जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाठवणारा दोनदा येतो. एकदा 'मेल फ्रॉम' मध्ये आणि एकदा डेटाच्या आत, मेलच्या हेडरमधल्या फ्रॉमच्या ओळीत. पहिल्याला एन्व्हलप म्हणतात, लिफाफा, आणि दुसरा म्हणजे लिफाफ्याच्या आतल्या पत्रावर वर लिहिलेलं नाव. पोस्टमन लिफाफा वाचतो, आतलं पत्र नाही. सर्व्हरचंपण तसंच, मेल पोचतो तो 'आरसीपीटी टू' मधल्या पत्त्यावर, आणि परत फिरला तर येतो 'मेल फ्रॉम' मधल्या पत्त्यावर. वाचणाऱ्याला मात्र स्क्रीनवर दिसतं ते पत्रावरचं नाव. ही दोन नावं वेगळी असू शकतात आणि एसएमटीपीच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही.

बीसीसी असंच चालतं. त्यात काही जादू नाही, ज्याला बीसीसी केलं त्याचा पत्ता लिफाफ्यावर असतो आणि पत्रावर नसतो, संपलं. आणि बँकेच्या नावाने फसवे मेल येतात तेही याच फटीतून, लिफाफा कुणाचाही असू दे, पत्रावर बँकेचं नाव लिहिलं की काम झालं. आणि तुमच्या पत्त्यावरून तुम्ही न पाठवलेल्या मेलचे बाउन्स (मेल पोचला नाही असं सांगत परत येणारे मेल) यायला लागले तर लगेच 'अकाउंट हॅक झालं' म्हणून ओरडू नका, कुणीतरी लिफाफ्यावर तुमचा पत्ता घातलाय एवढंही असू शकतं. पासवर्ड बदलायला हरकत नाहीच, पण त्याने ते बंद होईलच असं नाही.

आता हात घाला. तुमच्या डोमेनवरून स्वतःच्याच जीमेलला एक मेल पाठवा, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा (मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही), उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि 'शो ओरिजिनल' दाबा. वर एक छोटा तक्ता येईल, त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क असं लिहून पुढे पास किंवा फेल. खाली कच्चा मेल. घाबरू नका, त्यातल्या चारच गोष्टी वाचायच्या.

'रिसीव्हड' ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या. प्रत्येक सर्व्हर मेल हातात आला की आपली ओळ सगळ्यात वर चिकटवतो, त्यामुळे सगळ्यात खालची ही पहिली. वेळा बघताना शेवटचा टाइमझोन बघा, आपला +०५३०, गूगलचे सर्व्हर बरेचदा -०७०० किंवा -०८०० लिहितात, तेव्हा 'मेल पाठवायच्या आधीच पोचला' असं दिसलं तर तो चमत्कार नाही, वजाबाकी करायची राहिलीय. दोन ओळींमध्ये खरंच अर्ध्या तासाचं अंतर असेल तर मेल त्या दोघांच्या मधे अडकला होता, आणि दोष कुणाचा ते तुम्हाला तिथेच कळलं. फक्त लक्षात ठेवा, तुमच्या विश्वासातल्या सर्व्हरने लावलेल्या ओळीच्या खालच्या ओळी खोट्या घुसवता येतात, त्यामुळे फसव्या मेलचा उगम शोधताना वरून खाली यायचं आणि जिथपर्यंत विश्वास आहे तिथे थांबायचं.

'रिटर्न-पाथ' म्हणजे लिफाफ्यावरचा पत्ता, मेल पोचल्यावर शेवटचा सर्व्हर तो हेडरमध्ये लिहून ठेवतो. हा पत्ता आणि फ्रॉमचा पत्ता एकाच डोमेनचे आहेत का बघा. नसतील तर बहुधा रोग इथेच सापडला. 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' मध्ये तपासणीचा निकाल सविस्तर असतो, आणि 'मेसेज-आयडी' हा त्या मेलचा स्वतःचा नंबर, मेल हरवल्याची तक्रार करताना होस्टिंगवाल्याला हा द्या, तो लॉगमध्ये शोधू शकतो. नुसतं 'काल दुपारी पाठवला होता' यावर कुणी काही शोधत नाही.

रेकॉर्डकडे येऊ. हे सगळे तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी प्रकारचे रेकॉर्ड म्हणून जातात. डोमेन जिथून घेतलं तिथेच डीएनएस असेल असं धरू नका, नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनचा डीएनएस सांभाळणारे सर्व्हर) कुणाचे आहेत ते आधी बघा, चुकीच्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकून 'चोवीस तास झाले तरी होत नाही' म्हणत बसलेले लोक कमी नाहीत.

एसपीएफ म्हणजे यादी, माझ्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची. गूगलकडे मेल असेल तर साधारण अशी ओळ (टाकताना अर्थात इंग्रजी अक्षरांत):

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

शेवटचं ~ऑल म्हणजे बाकीच्यांवर संशय घ्या, -ऑल म्हणजे बाकीच्यांना हाकला. सुरुवातीला ~ ठेवा. दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक, एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. होस्टिंगवाल्याने एक टाकलेला असतो, मग गूगलचा दुसरा टाकला जातो, आणि दोन झाले की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोन्ही इन्क्लूड लिहायचे. दुसरं, ती ओळ तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारायची मुभा आहे आणि प्रत्येक इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही त्यात मोजतात, त्यामुळे न्यूजलेटरवाला, बिलिंगवाला, सीआरएमवाला (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) असं एकेक करत घालत गेलात की एक दिवस गाडी अचानक बंद पडते. वापरत नाही ते काढून टाका.

आणि एसपीएफ तपासतो लिफाफा. फक्त लिफाफा. पत्रावरच्या फ्रॉमकडे तो बघतही नाही. हे एक वाक्य समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

डीकिम म्हणजे सही. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि ठराविक हेडर यांच्यावर खाजगी किल्लीने सही करतो आणि सार्वजनिक किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये ठेवलेली असते, समोरचा ती घेऊन पडताळतो. वाटेत कुणी एक अक्षर बदललं तरी सही मोडते. याहूने डोमेनकीज नावाने आणि सिस्कोने वेगळ्या नावाने केलेलं काम एकत्र करून हे झालं, २००७ मध्ये आरएफसी आला. सेटिंग तुमच्या मेल देणाऱ्याच्या ॲडमिन पॅनेलमधून किल्ली तयार करायची, ती कॉपी करायची आणि 'सिलेक्टर._डोमेनकी' अशा नावाखाली (सिलेक्टर म्हणजे त्या किल्लीचं नाव) टीएक्सटी टाकायची. २०४८ बिटची किल्ली लांब असते आणि टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, काही पॅनेल आपोआप तुकडे करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. टाकल्यावर पूर्ण आलीय का हे शेवटची अक्षरं जुळवून बघा. आणि गूगल वर्कस्पेस असेल तर रेकॉर्ड टाकून थांबू नका, ॲडमिनमध्ये परत जाऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबावं लागतं. ते दाबेपर्यंत गूगल सही करतो, पण स्वतःच्या जीॲप्सएसएमटीपी डॉट कॉमखालच्या नावाने, तुमच्या नावाने नाही. 'शो ओरिजिनल' मध्ये डीकिम पास दिसतं आणि माणूस निवांत होतो, पण सही कुणाची आहे ते वाचलेलं नसतं.

इथे डीमार्क येतो. एसपीएफ लिफाफ्याचं डोमेन सांगतो, डीकिम सही करणाऱ्याचं डोमेन सांगतो, आणि वाचणाऱ्याला दिसतो फ्रॉम, ज्याच्याशी या दोघांचा काही करार नाही. डीमार्क विचारतो: पास झालेल्यांपैकी निदान एकाचं डोमेन फ्रॉमच्या डोमेनशी जुळतं का? जुळलं तर पास. नाही जुळलं तर दोन्ही वर हिरवे असूनही डीमार्क फेल. 'सर, एसपीएफ पास आहे, तरी स्पॅममध्ये जातंय' या तक्रारीचं उत्तर बरेचदा हेच असतं, लिफाफ्यावर होस्टिंग कंपनीचं डोमेन असतं, त्यांचं एसपीएफ पास झालेलं असतं, तुमचं नाही.

रेकॉर्ड '_डीमार्क' या नावाने टाकायचा, सुरुवातीला असा:

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:रिपोर्ट@आंबेवाले.एक्झाम्पल

पी=नन म्हणजे फक्त बघा, काही करू नका. रिपोर्ट साधारण रोज येतात, झिप केलेल्या एक्सएमएल फाइली, डोळ्यांनी वाचवत नाहीत पण त्यात तुमच्या नावाने कुठकुठल्या आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) मेल गेले त्याची यादी असते. काही आठवडे बघा. त्यात तुमचंच विसरलेलं काहीतरी सापडतं, बिल पाठवणारं सॉफ्टवेअर, जुना सीआरएम, ऑफिसातलं स्कॅनरचं मशीन जे पीडीएफ मेल करतं. ते सगळे सरळ झाले की पी=क्वारंटाइन, आणि मग जमलं तर पी=रिजेक्ट. पहिल्याच दिवशी रिजेक्ट टाकून वीरश्री दाखवायची गरज नाही, त्यात स्वतःचेच इन्व्हॉइस उडतात.

हे तीन रेकॉर्ड आता ऐच्छिक राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम केलाय, प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकिम हवंच, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याकडे तिन्ही हवेत, शिवाय प्रमोशनच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. दुकानदार रोज ५,००० पाठवत नसतो, पण तिन्ही टाका, पैसे पडत नाहीत.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट, वेबसाइटवरचा कॉन्टॅक्ट फॉर्म. स्वस्त होस्टिंगवर फॉर्म भरला की पीएचपीचं मेल फंक्शन तो मेल त्याच वेब सर्व्हरवरून ढकलून देतं. त्या आयपीवर शेकडो साइट असतात, त्यातल्या एखादीने स्पॅम केलं की सगळ्यांचं नाव खराब. त्यात फॉर्म बनवणाऱ्याने फ्रॉममध्ये भरणाऱ्याचा पत्ता घातलेला असतो, म्हणजे रिप्लाय दाबला की त्याला जावं. हेतू चांगला, पण याचा अर्थ तुमचा सर्व्हर 'मी अमुक@याहू डॉट कॉम' म्हणून मेल पाठवतोय. याहूने एप्रिल २०१४ मध्येच डीमार्क रिजेक्टवर नेलंय. तो मेल तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि तुम्हाला कळणारही नाही की कुणी चौकशी केली होती. बरोबर पद्धत: फ्रॉममध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता, रिप्लाय-टूमध्ये भरणाऱ्याचा. आणि वर्डप्रेस असेल तर एसएमटीपीचं प्लगइन टाकून मेल तुमच्या खऱ्या मेल सर्व्हरमधून लॉगिन करून जाऊ दे. जीमेलचा साधा पासवर्ड तिथे चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो.

याच फॉर्मचा चुलत भाऊ: मेल गूगलकडे किंवा झोहोकडे हलवला, एमएक्स बदलले, जगभरातले मेल नीट येतायत पण फक्त वेबसाइटच्या फॉर्मचे गायब. याचं कारण सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) 'ईमेल राउटिंग' अजून लोकल मेल एक्स्चेंजरवर असतं. वेब सर्व्हरला वाटतं या डोमेनचा मेल मीच सांभाळतो, तो डीएनएसला विचारतच नाही, स्वतःच्याच एका जुन्या मेलबॉक्समध्ये टाकत राहतो. ते 'रिमोट' करा आणि जुन्या बॉक्समध्ये डोकावून बघा, महिन्यांचं गिऱ्हाईक तिथे पडलेलं असतं.

बाउन्स आला तर तो डिलीट करू नका, वाचा. तीन आकड्यांचा कोड बघा. ४ ने सुरू होत असेल तर 'आत्ता नाही, नंतर या', तुमचा सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करत राहतो, आणि नियमाप्रमाणे चार-पाच दिवस तरी हार मानू नये अशी अपेक्षा आहे. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ४५१ किंवा ४५० देतात, याला ग्रेलिस्टिंग म्हणतात, खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमचं स्क्रिप्ट बरेचदा येत नाही. ओटीपी किंवा पहिला मेल पंधरा-वीस मिनिटांनी आला की संशयित हाच. ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार. ५५० आणि पुढे ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, स्पेलिंग बघा. ५.७.२६ जीमेलकडून आला तर वरच्या तीन रेकॉर्डचं काहीतरी बिनसलंय. ५५२ बहुधा साइजचा किंवा बॉक्स भरल्याचा.

साइजवरून, २० एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरला १६ एमबीची पीडीएफ का चालत नाही? एसएमटीपी मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी, त्यामुळे फाइल आधी बेस६४ मध्ये बदलतात, प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं होतात. १६ चे २१ च्या वर झाले. ही सगळी माइम नावाची व्यवस्था, नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये आणली, आणि आपण मेलमध्ये मराठी लिहू शकतो तेही तिच्यामुळे.

ते कसं, तर सब्जेक्टची ओळही बेस६४ मध्ये जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, म्हणजे ४ अक्षरं. नियम असा की असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा नको, म्हणजे साधारण १५ चिन्हांनंतर सब्जेक्ट तोडावा लागतो, आणि चांगलं सॉफ्टवेअर चिन्हाच्या सीमेवर तोडतं. भंगार सॉफ्टवेअर मधेच तोडतं आणि मग लांब मराठी सब्जेक्टमध्ये ठराविक अंतरावर काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह दिसतं. असं दिसलं तर समोरच्याला फॉन्ट टाका म्हणून सांगू नका, पाठवणारं सॉफ्टवेअर बदला. उलट, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये पेस्ट केला तर समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तिथे मेलची चूक नाही, मेल अक्षरं नेतो, फॉन्ट नेत नाही. युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून मगच पाठवा, किंवा पीडीएफ करा.

मेल पोचल्यावर तो वाचायचे दोन रस्ते, पॉप३ आणि आयमॅप. पॉप मेल खाली उतरवून घेतो आणि बरेचदा सर्व्हरवरून पुसून टाकतो, डायल-अपच्या काळात मिनिटाचे पैसे पडायचे तेव्हा ते ठीक होतं, मेल ओढायचे, लाइन कट करायची आणि निवांत वाचायचे. आयमॅपमध्ये, जो मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला बनवायला घेतला, मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन-लॅपटॉप फक्त तिथे बघतात. ऑफिसच्या पीसीवर दिसणारा मेल फोनवर दिसत नाही अशी तक्रार आली की त्या पीसीवर पॉप आहे हे न बघता सांगता येतं. आयमॅप ९९३, पॉप ९९५, दोन्ही टीएलएसवाले, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले, ११० आणि १४३ वर उघड्याने लॉगिन करू नका.

फॉरवर्डचं एक राहिलं. इन्फो@ वरचे मेल आपोआप पर्सनल जीमेलला फॉरवर्ड करायची आपल्याकडे भारी हौस. यात लिफाफ्यावर मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता तसाच राहतो आणि मेल जातो तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरून, जो त्याच्या एसपीएफच्या यादीत नाही, झालं, एसपीएफ फेल. डीकिम टिकते, जर तुमच्या सर्व्हरने खाली 'व्हायरस स्कॅन केलं' वगैरे शेपूट जोडलं नसेल तर. म्हणून फक्त एसपीएफवर भागवणाऱ्यांचे मेल फॉरवर्डमध्ये मरतात. आणि तुमच्याकडे आलेलं स्पॅमही तुम्हीच जीमेलला पोचवता, वर तुमच्याच आयपीचं नाव खराब होतं. फॉरवर्ड बंद करून फोनमध्ये ते अकाउंट आयमॅपने जोडा, पाच मिनिटांचं काम.

आणि पत्ताच मराठीत हवा असेल तर? होतं. डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून मिळतंय, मराठी-कोकणीसकट. डोमेनचा भाग आतल्या आत 'एक्सएन--' ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलतो त्यामुळे तो कुठेही चालून जातो. ॲटच्या आधीचा भाग देवनागरी असेल तर मात्र वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने एहलोच्या उत्तरात 'एसएमटीपीयूटीएफ८' येतं असं सांगायला हवं, एकाने जरी सांगितलं नाही तर मेल तिथूनच परत. जीमेल घेतो. समोरच्या सरकारी पोर्टलचा फॉर्म किंवा बँकेचं ॲप 'इनव्हॅलिड ईमेल' म्हणेल ते वेगळंच, कारण तिथे पत्ता तपासणाऱ्या कोडला ए टू झेडच माहीत असतं. तेव्हा मराठी पत्ता घ्या जरूर, पण त्याच मेलबॉक्सला एक इंग्रजी अक्षरांचं एलियास, म्हणजे त्याच बॉक्सचा दुसरा पत्ता, जोडून ठेवा, आणि केवायसीत तेच द्या.